गाठीचं पाणी

सन एकोणीसशे शहाण्णव. मी सत्तावन्न वर्षांचा होतो. त्या साली एलोजी गेला. मेला नाही, गेला. आमच्या गावातलं इस्रायली, म्हणजे कोकणातल्याच ज्यू लोकांचं, शेवटचं घर त्याचं. त्याला कुलूप घालून तो बायकोला घेऊन इस्रायलला मुलाकडे गेला. मेलेल्या माणसाचं बारावं घालता येतं, चार लोक जेवतात, आपण मोकळे होतो. गेलेल्याचं काय घालायचं? म्हणून हे लिहायला बसलोय. मी दुसरीत शाळा सोडली. लिहिण्यात चुका निघतील त्या माझ्या. सांगण्यात चूक निघायची नाही, कारण जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

एलोजीला ज्यांनी पाहिलं नाही त्यांना आधी त्याचं पाणी चाखणं सांगतो. आमचं गाव कासू स्टेशनावर उतरून खाडीकडे चालत सुटलं की लागतं. सकाळी जाळ्यावर गेलो की हा गुडघाभर पाण्यात उतरायचा, ओंजळ भरायचा, खाडीचं पाणी तोंडात घ्यायचा आणि डोळे मिटून गालातल्या गालात फिरवायचा. पेणच्या बाजारात गिऱ्हाईक गुळाचा खडा चाखतं ना, तसा. मग पचकन थुंकून निकाल द्यायचा. "आज गोडं जड हाय. बोय येल." नाहीतर, "खारं चढलंय. शिंगाळीबिगर काय नाय. चल घरी, बायकांच्या शिव्या खाऊ." अर्ध्याहून जास्त वेळा खरं ठरायचं. खोटं ठरलं तर म्हणायचा, "मासा चुकला. मी नाय चुकलो." मी कधी ते पाणी तोंडात घेतलं नाही. वर हसायचो. "एलूदादा, वर नागोठण्यापासनं लोक त्यात काय काय धुतात, म्हाईत हाय काय?" तो म्हणायचा, "म्हनून तर थुकतो."

माणूस बुटका, रंगानं आमच्यापेक्षा उजळ, आणि भुवया अशा दाट की कोळंबी लपून बसेल. डोक्यावर काळी टोपी. ती पाण्यात पडली तर पिळून तशीच ओली डोक्यावर. बोलणं मात्र आमचंच, शिव्या आमच्याहून सरस. बढाईखोर होता. आपण जगातला सगळा मासा ओळखतो असं त्याला वाटायचं, आणि ते तो लपवायचा नाही. मला हिऱ्या म्हणायचा. माझं नाव हिराजी, पण माझा बाप वारल्यावर मला हिऱ्या म्हणणारा तो एकटाच उरला होता.

त्याच्या आज्याचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्या आज्याची होडी. होडीच्या लाकडाला उंडीचं तेल लागतं, नाहीतर खारं पाणी ते खाऊन टाकतं. तेल त्यांचं, होडी आमची, आणि मासा दोघांचा, असं ते ठरलं. घाणा बापाच्या काळात थांबला, होडी माझ्या काळात कुजली, पण भागी चालू राहिली. पाण्याच्या ओढीकडे तोंड करून खांबांना बांधायचं पिशवीसारखं जाळं असतं, त्याला आम्ही डोल म्हणतो. आमची दोघांची एक डोल होती, आणि ती गाठीवर लागायची.

गाठ म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावाच्या कडेनं मोठी खाडी जाते. तिला डोंगराकडून एक लहान फाटा येऊन मिळतो. समुद्राकडून भरतीचं खारं पाणी वर चढतं, आणि त्याच वेळी फाट्यातून गोडं पाणी खाली उतरतं. पावसाळ्यात ते धावत यायचं, उन्हाळ्यात करंगळीएवढं, पण यायचं. दोन्ही पाणी फाट्याच्या तोंडाशी एकमेकांवर आपटायची. एका बाजूला चहासारखं, दुसऱ्या बाजूला हिरवट, आणि मधोमध फेसाची वाकडी रेघ. त्या रेघेत पानं, काटक्या, गवताच्या काड्या, सगळं अडकून गोल फिरत राहायचं. ती रेघ म्हणजे गाठ. तिच्याखाली बारीक कोळंबीचा जवळा असा दाटायचा की हात घातला तर हाताला गुदगुल्या व्हायच्या. जवळ्यामागे बोय, बोयीमागे जिताडा, आणि वरून बगळे. पहिल्या पावसानंतर तिथंच जिताड्याची बोटभर पिल्लं यायची. गावोगावचे लोक ती मडक्यातून नेऊन आपल्या तळ्यात सोडायचे.

असं का होतं, ते एलोजी सांगायचा, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. "दोन पान्यांचं भांडन लागतं. एक म्हनतं मी येतो, दुसरं म्हनतं मी जातो. दोगं एकमेकांना ढकलतात. मदी जे काय वाहत असंल ते तितंच अडतं. अडलं का बारका जीव खायाला येतो. त्याला खायाला मोटा येतो. मोट्याला खायाला तू येतोस. भांडन त्यांचं, पोट तुजं."

एकदा मला रोह्याला घेऊन गेला. रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात त्याच्या बायकोचं, रिवकावहिनीचं, माहेर. कुंडलिका नदीच्या पुलाखाली मला उभं केलं आणि म्हणाला, "हितली गाठ बग. वरती धरनावर वीज काडतात आनि मंग पानी सोडतात. म्हनून हितं गोडं पानी कंपनीच्या शिफ्टला येतं. मासा पन शिफ्टला येतो. शिफ्ट सुटली का तो घरी." पुलावरची दोन पोरं हसली. तो आणखी फुगला. "आपली गाठ तशी नाय. आपली बारा म्हयन्यांची." येताना रोह्याचे पातळ पोहे बांधून आणले. ते त्यांच्या मलिद्याला लागतात. एलियाहू नबीच्या नावानं गोड पोहे, खोबरं, फळं ताटात घालतात, तो मलिदा. दर वर्षी तो स्वतः ताट घेऊन आमच्या ओटीवर यायचा.

तो खायचा फक्त खवल्याचा मासा. कोळंबी, चिंबोरी, शिंगाळी यांना हात लावून टोपलीत टाकायचा, पण तोंडाला नाही. "हे किडे तुजे," म्हणून सगळे माझ्याकडे. माझी बायको कमळी त्याची थट्टा करायची. "भावजी, एकदा कोलंबीची चव बगा, मंग काय ता देवाला सांगा."

"गो कमळे, तुज्या कोलंबीला एक खवला दाखव. ह्या पाटावर बसून जेवतो."

"खवलं नाय, मिशा हायत."

"मिशा तर गोमा पाटलाला पन हायत. त्याला खाऊ?"

गोमा पाटील म्हणजे आमच्या गावचा पुढारी. हे त्याच्या कानावर जायचंच. असल्या गोष्टी माणूस विसरत नाही, मिशीवाला तर नाहीच.

आता शनिवार. एलोजीचं घर शनिवारी काम करत नसे. भागी सुरू झाली तेव्हा माझ्या आज्यानं विचार केला, भागीदार घरी बसलाय आणि आपण त्याच्या वाट्याचा मासा काढायचा, हे बरं नाही. म्हणून शनिवारी गाठीवर डोल लागायची नाही. पुढे आमचं बघून गावातही कोणी शनिवारी गाठीवर पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकेना. तीन पिढ्या हे चाललं. एलोजी म्हणायचा, "पान्याला पन पाठ टेकू द्या रं. रविवारी बगा कसा मासा येतो." रविवारी यायचाही. एका दिवसाच्या शांततेनं आलेला असेल, नाहीतर त्याच्या देवानं धाडलेला असेल. आम्ही खाल्ला.

पण त्या शनिवारात एक भोक होतं, ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आमची शेतं खाडीच्या पातळीच्या खाली. मध्ये चिखलाचा बांध. चिंबोरी त्या बांधात बीळ करते. बीळ आरपार गेलं की भरतीचं पाणी आधी दोऱ्यासारखं येतं. तेवढ्यात कोणी टाच मारून ते दाबलं आणि वर चिखलाचा गोळा थापला की मिटलं. नाही थापला तर पुढच्या भरतीला तिथून म्हैस आत येईल. ही राखण करायला गावानं कोणाला नेमलं नव्हतं. आम्ही दोघं रोज पहाटे बांधावरून गाठीकडे जायचो, जाताजाता बिळं दाबायचो. बोलता बोलता टाच आपोआप चालायची. आणि शनिवारी आम्ही जायचो नाही.

ब्याण्णवच्या पावसाळ्यात, अमावास्येच्या उधाणाला, शनिवारी फाट्याकडचा बांध फुटला. आमच्याकडे ह्याला खांड गेली म्हणतात. गावात ढोल वाजला. ढोल वाजला की घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर, हा आमचा कायदा. त्याला सरकार लागत नाही. मी गेलो. माझं शेत खांडीच्या तोंडाशीच होतं. गळ्याइतक्या पाण्यात माणसांची रांग करून आम्ही चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होतो, आणि पाणी ते पेढ्यासारखे गिळत होतं.

एलोजी आला. शनिवारचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात काही नाही. बांधाच्या माथ्यावर येऊन उभा राहिला.

गोमा पाटील खालून ओरडला, "एलोजी, धर फावडं!"

"आज शनवार हाय, पाटील."

"पानी शनवार बगतं काय?"

"पानी नाय बगत. मी बगतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "उद्याच्याला मी दोन मानसांचं काम करीन."

"उद्याला तू आमच्या शेतात डोल लावशील!" कोणीतरी बोललं. कोण ते मला माहीत आहे. तो आता नाही, म्हणून नाव घेत नाही.

घरी बसला असता तर लोक म्हणाले असते, त्याचा धर्म आहे, जाऊ दे. पण हा दिवसभर पावसात तिथंच उभा राहिला. तेच लोकांना जास्त झोंबलं. मी वर बघितलं तेव्हा त्याचे हात पाठीमागे होते, आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं होतं. हात सुटून फावड्याकडे जाईल अशी त्याला भीती असावी. माझ्या आवणाची हिरवी रोपं त्याच्या डोळ्यांसमोर पाण्याखाली गेली आणि त्यानं मनगट सोडलं नाही. रविवारी उजाडायच्या आत आला आणि खरंच दोघांचं काम केलं, तळहाताची साल निघेपर्यंत. पण तोवर खांड रुंद झाली होती आणि तिच्या बुडाशी पाण्यानं डोह खणला होता. त्यात बांबू टाकला तर दिसेनासा व्हायचा. ते वर्ष भाताशिवाय गेलं.

शिमग्यानंतर मारुतीच्या देवळात गाव बसलं. पेणहून खारभूमी खात्याचा साहेब येऊन जागा बघून गेला होता. तो म्हणाला, दोन प्रकारे होईल, तुम्ही ठरवा. डोहावर बांध टिकणार नाही. एक तर डोहाला लांबून वळसा घालून नवा बांध काढा. त्याला दोन उन्हाळे लागतील, तोवर शेतात खारं पाणी येत-जात राहील. नाहीतर फाट्याचं तोंडच बांधून टाका, भरती आत शिरायचीच नाही, आणि आतलं पाणी निघायला एक उघाडी ठेवा, म्हणजे झडपेचं दार. ते एका उन्हाळ्यात उरकेल.

फाट्याचं तोंड म्हणजे गाठ.

एलोजी उठला. तो सभेत कधी उठायचा नाही, शेत नसलेल्या माणसाला देवळात आवाज नसतो. म्हणाला, "वळसा घाला. दोन उनाळे मी राबतो, सगळ्यांच्या आदी येतो, सगळ्यांच्या मागनं जातो. पन तोंड बांदू नका. गोडं पानी आडवलंत तर खारं कोनाला भेटंल? दोन पानी भेटली नाय तर मासा कशाला येल हितं? तुमची तोंडं बगायला?"

गोमा पाटील शांतपणे म्हणाला, "बांध गेला तवा तू वर उभा होतास. आम्ही खाली होतो. आता खालचे बोलतील."

एलोजीनं माझ्याकडे बघितलं. डोल दोघांची होती. मी बोलेन असं त्याला वाटलं. मी बोललो.

"एलूदादा, तुला शेत नाय. दोन वर्सं आमी काय खायाचं?"

"मला शेत नाय. पन तुज्या आज्याला होडी होती, हिऱ्या. तुमचा वंस गाठीवर वाडलाय. आनि शनवार तुज्या आज्यानं पन पाळला. तवा नाय फुटला बांध."

"तवा चिंबोरीला म्हाईत नव्हतं शनवार कंचा ता," मी म्हणालो. "आता शिकली."

सगळं देऊळ हसलं. गोमा पाटील तर मांडीवर थाप मारून हसला. एलोजीनं टोपी काढली, झटकली, परत घातली आणि बाहेर गेला.

मी चुकलो असं कोणाला वाचायचं असेल तर त्यानं हे इथंच मिटवावं. मी आजही तेच म्हणेन. भाताशिवाय मासा घशाखाली उतरत नाही. बांध बिळातून फुटला, आणि बीळ शनिवारी दाबलं गेलं नाही. ह्यात खोटं काय? पण खरं बोलल्यावर माणसाला बरं वाटतं असं जे म्हणतात, ते मला तरी कधी वाटलं नाही.

फाट्याचं तोंड बांधायचं ठरलं. घरटी एक माणूस. एलोजीच्या घरचा माणूस म्हणजे एलोजीच. तो आला. रोज आला, शनिवार सोडून. ज्या गाठीसाठी भांडला तिच्यावर स्वतःच्या डोक्यावरून चिखल वाहिला. मी त्याला ये म्हटलं नाही, त्यानं मला येतो म्हटलं नाही. पाट्या हातोहात जायच्या तेव्हा एकदोनदा त्याची पाटी माझ्या हातात आली. दोघांनीही पाटीतच बघितलं. शेवटचं तोंड मिटवायला पाण्याची ओढ कमी असलेला दिवस लागतो. तो नेमका शनिवारी आला. ह्या वेळी एलोजी उभा राहायलाही आला नाही.

गाठ लगेच मेली नाही. पहिला महिनाभर मासा येत राहिला, सवयीनं. बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीशी जुनं गिऱ्हाईक येऊन उभं राहतं, तसा. मग फेसाची रेघ पुसली गेली. उघाडीतून जे पाणी बाहेर येतं ते नाक शिंकरल्यासारखं. त्याच्याशी खाऱ्या पाण्यानं काय भांडायचं? जवळा नाही म्हणून बोय नाही, बोय नाही म्हणून जिताडा नाही. पहिल्या पावसानंतर लोक मडकी घेऊन आले आणि रिकामी घेऊन गेले. फाट्यात आत अडकलेली बोय उन्हाळ्यात पोट वर करून तरंगली. आठवडाभर गावात जेवण जाईना. आणि भात? मातीत मीठ बसलेलं. पहिल्या साली लोंब्या आल्या, चोळल्या तर आत दाणा नाही. पुढे आलं भात, खाण्यापुरतं. तोवर माझा मुलगा कंपनीत लागला. आता तो शिफ्टला जातो आणि बाजारचा तांदूळ आणतो. बांधावर त्याचा पाय पडत नाही.

एलोजीनं आणि मी वार वाटून घेतले. भाऊ घर वाटतात, आम्ही आठवडा वाटला. तेसुद्धा बायकांच्या मार्फत. रविवार ते मंगळवार डोल त्याची, बुधवार ते शुक्रवार माझी. शनिवार कोणाचा नाही. मासा दोघांच्या वारी सारखाच, म्हणजे नाही. डोलीत यायच्या शिंगाळ्या आणि पिशव्या. त्याच्या वारी शिंगाळी आली की तो ती आमच्या पायरीवर ठेवून जायचा. किडे माझे ना! मी मांजराला घालायचो. गोमा पाटलानं शनिवारी बांध बघायच्या पाळ्या लावल्या होत्या. माझ्या घरची पाळी आली की मी मुलाला पाठवायचो. शनिवारी मी बांधावर पाय ठेवला नाही. का, ते मला विचारू नका.

मग त्याच्या मुलाचं, शमुवेलचं, बोलावणं आलं. जायच्या आदल्या आठवड्यात रिवकावहिनीनं मलिदा केला. ह्या वेळी ताट एलोजीनं आणलं नाही. तिनं ते मागच्या दारानं कमळीच्या हातात दिलं. दोघी तिथंच चुलीशी रडल्या. मी मलिदा खाल्ला नाही. कमळीनं झाकून ठेवला, सकाळी त्याला मुंग्या होत्या.

"किती ताठ रं तू," कमळी म्हणाली.

"तो नाय काय?" मी म्हणालो.

"तोय हाय. पन तो चाललाय."

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं ते निघणार होते. शनिवारी ठाण्याला बहिणीकडे थांबायचं, कारण शनिवारी प्रवास नाही, आणि मग विमान. मी ठरवलं होतं, जायचं नाही. तरी रुळाच्या कडेनं चालत कासू स्टेशनावर गेलो. एलोजी बाकावर बसला होता, रिवकावहिनी ट्रंकेवर. ट्रंक दोरानं आवळलेली. दोर मी ओळखला. आमच्या डोलीचा होता. अर्धा माझा. 

"आलास रं हिराजी," वहिनी म्हणाली आणि तोंड पदरात घातलं.

एलोजीनं जागा दिली. मी उभाच राहिलो. तो रुळांकडे बघत म्हणाला, "बांध कसा हाय?"

"हाय."

"चिंबोऱ्या?"

"त्या कुठं जातात? जानारे दुसरे."

हे त्याला लागलं असेल तर लागावं म्हणूनच मी बोललो. त्यानं नुसती मान हलवली.

"शमुवेल सांगतो, तिकडं एक समुद्र हाय," तो म्हणाला. "एवडा खारा का त्यात मासाच नाय. नदी येऊन मिळते त्याला, गोड्या पान्याची. नदीतला मासा चुकून पुडं गेला तर मरतो."

"दोन पानी भेटतात आनि मासा मरतो? तू तर उलटं सांगायचास जलमभर."

"भेटतात कुठं? नुसतं येनं हाय तितं. जानं नाय. पानी येतं आनि तितंच बसून ऱ्हातं." मग म्हणाला, "आपल्या गाठीला दोनी होतं."

"बरं झालं मंग," मी म्हणालो. "तिकडं चाखून बगायचा तरास नाय."

तो हसला. देवळातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं. भुवया वर गेल्या आणि परत खाली आल्या. गाडी आली. ट्रंकेचं एक टोक त्यानं धरलं, एक मी. आत सरकवली. गाडी थांबते ती किती, पानाला चुना लावेपर्यंत. तो दारात उभा राहिला. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल, येतो म्हणेल, सांभाळ म्हणेल. मीही तसलंच काहीतरी तोंडात धरून ठेवलं होतं.

गाडी हलली तेव्हा म्हणाला, "हिऱ्या, उद्या शनवार हाय."

"म्हाईत हाय," मी म्हणालो.

एवढंच. तो पुढे त्या देशातच वारला असं दोन वर्षांनी रोह्याहून, वहिनीच्या माहेरून कळलं. पण माझ्यापुरता तो त्या दारात संपला. गावात मला हिऱ्या म्हणणारं कोणी राहिलं नाही. हिराजीशेठ म्हणतात, आजोबा म्हणतात. तोंडावर माझी चूक काढायची कोणाची छाती नाही. असं जगणं म्हणजे त्या समुद्रासारखंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शनिवारी, मी उजाडता उठलो. डोल घेतली नाही. पाळी माझ्या घरची नव्हती, तरी बांधावर गेलो. नव्या बांधाच्या पोटाशी एका बिळातून पाणी दोऱ्यासारखं येत होतं. टाच मारून ते दाबलं, वर चिखलाचा गोळा थापला. मग जिथं गाठ असायची तिथं गुडघाभर पाण्यात उतरलो, इकडेतिकडे कोणी नाही हे बघितलं, ओंजळ भरली आणि पाणी तोंडात घेऊन डोळे मिटले. गालातल्या गालात फिरवलं, ह्या बाजूला, त्या बाजूला. नुसतं खारं. थुंकलो आणि घरी आलो.